बाविसाव्या आठवड्यात ३ किलोच वाढलंय, कमी आहे का?

रानजाई: उंची १५२ सेंमी, दिवस राहण्याआधी वजन ४४, आता ४७. सासूबाई म्हणतात दोन जिवांची आहेस, डिंकाचे लाडू वाढव. नक्की किती वाढायला हवं?

अबोली: ४४ भागिले १.५२ चा वर्ग, म्हणजे तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १९. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या तक्त्यात १८.५ ते २४.९ बीएमआयला एकूण ११.५ ते १६ किलो, त्याखाली १२.५ ते १८, २५ ते २९.९ ला ७ ते ११.५ आणि त्यापुढे ५ ते ९. आपल्याकडे सरसकट '१०-१२' सांगतात. तुम्ही १८.५ च्या काठावर आहात, तेव्हा १२ च्या खाली राहू नका. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते २ किलो, मग आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम. या हिशेबाने आज ४ ते साडेपाच हवं. थोडं मागे आहात. पण सुरुवातीला उलट्यांनी वजन उतरलं असेल तर ३ हा आकडा फसवा. गेल्या चार आठवड्यांत दीडेक किलो वाढलं असेल तर वेग ठीक आहे.

भाकरतुकडा: दोन जिवांची असली तरी ताटं दोन नकोत! आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनुसार रोज ३५० कॅलरी जादा: एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, छोटा पेला दूध. दोन मोठ्या डिंकाच्या लाडवांतही तेवढ्या भरतात, पण प्रथिनं फार थोडी. शेवटच्या तिमाहीत ती रोज २२ ग्रॅम जादा लागतात. लाडू एक पुरे. लोहाची गोळी कॅल्शियमसोबत किंवा चहावर घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही.

रानजाई: वजन रोज करू का? दवाखान्यातला काटा आणि घरचा काटा जुळत नाही.

अबोली: आठवड्यातून एकदा, सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर. दवाखान्यातला आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर वेगळा राहू द्या, दोन्ही मिसळू नका.

तिठा: कमी वाढीइतकंच अचानक वाढीकडेही बघा. आठवड्यात किलोहून जास्त वाढलं आणि सोबत चेहऱ्या-हातांना सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर ती चरबी नाही, अंगात साठलेलं पाणी असू शकतं. त्याच दिवशी बीपी बघून घ्या. १४०/९० किंवा वर असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणीही करून घ्या: दोन तासांनी रक्तातली साखर १४० किंवा जास्त आली तर लाडवांचा प्रश्न डॉक्टरच मिटवतील.