ट्रायलसाठी दर २१ दिवसांनी इंदूर-मुंबई : खर्च कोणाचा? मदत हवी आहे

रामबाग_इंदूर
आत्याला, वय ५८, स्तनाचा कॅन्सर, मुंबईत एका ट्रायलमध्ये (औषधाच्या रुग्णांवरील चाचणीत) घेताहेत. औषध फुकट. पण दर २१ दिवसांनी जायचं, सोबत एक माणूस, दोन रात्री मुक्काम. संमतीपत्रावर सही पुढच्या आठवड्यात. आधी काय विचारून घ्यावं?

संमतीपत्र_वाचा
'औषध फुकट' एवढ्यावर थांबू नका. रुग्ण माहितीपत्रक घरी आणा. प्रवास, सोबत्याचं भाडं, मुक्काम, बुडालेली रोजी यांचे आकडे त्यात शोधा. हे पैसे ट्रायल तपासणाऱ्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीनेच मिळतात, त्यामुळे तोंडी 'बघू, करून देऊ' धरून चालू नका.

खरा घोळ चाळणीत होतो. ट्रायलमध्ये बसतात का हे ठरवायला बायोप्सी, सीटी, एको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. नाही बसल्या तर ते बिल आणि त्या फेरीचं भाडं कोणाचं? दुसरं, सोबतची नेहमीची केमो, ती देण्यासाठी त्वचेखाली बसवतात तो पोर्ट, उलटीची औषधं. ट्रायल औषध कंपनीचा नसून डॉक्टरांनीच आखलेला असेल, तर हे बहुधा घरच्यांवर येतं. आयुष्मान कार्ड असेल तर रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. खासगी विमा असेल तर कंपनीकडून लेखी घ्या; 'अप्रमाणित उपचार' या कलमावर दावा अडतो.

अवंतिका_३एसी
रेल्वे सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून भरून, सही-शिक्क्यानिशी घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं मूळ भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. तिकीट खिडकीवरच काढा. मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती. जागा आहे का ते निघण्याआधीच विचारा.

रामबाग_इंदूर
आणि मधेच इंदूरला भरती करावं लागलं तर?

संमतीपत्र_वाचा
त्याच तासाला ट्रायलच्या डॉक्टरांना फोन करा. गंभीर त्रासाची खबर त्यांना २४ तासांत वर द्यावी लागते. २०१९च्या क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे, त्रास ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, उपचार मोफत मिळायला हवेत. इंदूरची मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट जपा. झेरॉक्सवर पैसे अडतात. भत्ता फेरीगणिक मिळतो की शेवटी एकदम, हेही विचारा. शेवटी असेल तर दर फेरीला देण्याची लेखी विनंती सहीआधीच करा. उसनवारीने चार फेऱ्या झाल्या की पाचवीला माणूस जात नाही, आणि उपचार तिथेच तुटतो.