मदत हवी आहे : सव्वा वर्षाच्या मुलीचं हृदयाचं ऑपरेशन, नाशिक

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारी सातपूरला राहणाऱ्या ताईंच्या मुलीच्या हृदयाला छिद्र आहे. सव्वा वर्षाची पोर, वजन जेमतेम सात किलो. दूध पिताना मध्येच थांबते, धापा टाकते, कपाळावर घाम डबडबतो. बघवत नाही हो. वडील कंपनीत कंत्राटी कामाला. एका खाजगी दवाखान्यात खर्चाचा आकडा ऐकून दोघं काही न बोलता घरी आले.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, हे माहीत आहे. केशरी रेशनकार्ड आहे, पण त्यावर मुलीचं नाव अजून चढलेलं नाही. जन्मदाखला आणि आईवडिलांच्या कार्डावर काम झालंय का कुणाचं? रुग्णालयात या योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र नेमकी कोणती कागदपत्रं मागतात?

दुसरं, अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकामार्फतही लहान मुलांची अशी ऑपरेशनं होतात. त्यासाठी थेट त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला गेलं तर चालेल, की आधी पथकाचीच चिठ्ठी लागते? शालिमारच्या संदर्भ रुग्णालयात इतक्या लहान बाळाचं होतं, की मुंबईला पाठवतात?

धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी 10 टक्के खाटा राखीव असतात. तिथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला निघेपर्यंत नुसत्या रेशनकार्डावर दाखल करून घेतात का?

स्वतः यातून गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. सोमवारी वडील सुट्टी टाकणार आहेत, त्यांचा दिवसाचा रोज बुडतो. पहिली खेप वाया जाऊ नये एवढंच.