मदत हवी आहे: आईसोबत सलग बघण्याजोग्या मालिका (आणि 'द वायर'बद्दल एक खास प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. जिना बंद, देऊळ बंद, भाजीला जाणं बंद. मी मुलुंडहून फोर्टला जाऊन-येऊन करते, घरी पोचायला आठ वाजतात. जेवणं उरकली की आम्ही दोघी टीव्हीसमोर, आणि शनिवार-रविवारी तर दुपारपासूनच. रोजच्या मालिका तिने स्वतःहून बंद केल्या. म्हणाली, "त्या घरात कोणी कामालाच जात नाही गं." तेव्हा मला उमगलं तिला काय हवंय ते. माणसं आपापलं काम करताना दिसली पाहिजेत.

'स्कॅम १९९२'चे दहा भाग आम्ही दोन शनिवार-रविवारांत संपवले. आई तीस वर्षं फोर्टला बँकेत होती. बँक रिसीटचा विषय आला तेव्हा तिने रिमोट मागून घेतला आणि टीपॉयवरची औषधं मांडून मला समजावलं. गोळ्यांचा डबा म्हणजे सरकारी रोखे, तो जागचा हलतच नाही. ह्या बँकेने त्या बँकेला फक्त चिठ्ठी द्यायची, की एवढे रोखे तुमचे. "आता डबा उघड," म्हणाली. रिकामा होता. हर्षद मेहता प्रकरण मला त्या रात्री कळलं.

'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन (२०१९, सात भाग) जड गेला, पण तिने सोडला नाही. शेफाली शाहची पोलीस अधिकारी घर विसरून तपासाला जुंपलेली असते, ते तिला फार भिडलं. २०२० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं, ते योग्यच. 'पंचायत' मध्ये मध्ये विसाव्याला. 'ब्रेकिंग बॅड' मात्र दुसऱ्याच भागात बंद पडली. शाळेत रसायनशास्त्र शिकवून वर गाड्या धुणारा मास्तर तिला आवडला होता, पण बाथटबमध्ये आम्लाने प्रेत विरघळवण्याचा प्रसंग आला आणि हातातलं ताट बाजूला गेलं. बासष्ट भागांची ती मालिका मी आता एकटीच बघतेय.

आता खरा प्रश्न.

'द वायर' ही अमेरिकी मालिका (२००२ ते २००८, पाच सीझन, साठ भाग) मी गेल्या वर्षी एकटीने पाहिली. पहिला सीझन बाल्टिमोरचे पोलीस आणि ड्रग्जचा धंदा यांचा. दुसऱ्यात कथा एकदम बंदरावर जाते. गोदी कामगारांची युनियन, कमी होत चाललेली जहाजं, ज्येष्ठतेप्रमाणे काम मिळत असल्यामुळे हात हलवत परतणारी तरुण पोरं. युनियनचा फ्रँक सोबोटका एके ठिकाणी रॉटरडॅमच्या यांत्रिक बंदराची चित्रफीत बघतो. पडद्यावर माणसांवाचून कंटेनर हलताहेत आणि त्याचा चेहरा पडत जातो. तिथे मी टीव्ही बंद केला.

माझे बाबा बीपीटीत (बॉम्बे पोर्ट ट्रस्ट, म्हणजे मुंबई बंदरात) टॅली क्लार्क होते, इंदिरा डॉकला. जहाजातून उतरणारा माल मोजायचा, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनर हळूहळू खाडीपलीकडे गेले, आणि बाबा पाळी करून लवकर घरी यायला लागले. आम्हा पोरांना त्याचा आनंदच व्हायचा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. आई अजून दुधाच्या पिशव्यांचा हिशोब कालनिर्णयवर तसाच ठेवते, चार उभ्या, एक आडवी.

मला तिला हा दुसरा सीझन दाखवायचाय. अडचणी अशा, की पहिले तेरा भाग शिव्या आणि गोळीबारातून जातात, ते तिच्याच्याने होणार नाही. ते न बघता दुसरा लागेल का? दुसरं म्हणजे तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, सबटायटल्स वाचून होत नाहीत. हिंदी डबिंग कुणी ऐकलंय का? आणि बंदर, गिरणी, रेल्वे, इस्पितळ, काहीही चालेल, पण काम नीट दाखवणाऱ्या आणखी मालिका सुचवा. हिंदी किंवा मराठी असेल तर उत्तमच.

ताजी भर, रविवार रात्र: सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या सीझनची गोष्ट आधी तोंडी सांगा आणि मग शेजारी बसून संवाद मराठीत सांगत जा, हा इथला सल्ला मानला. शिव्या गाळल्या. आज दुसऱ्या सीझनचा पहिला भाग झाला. तासाभराच्या भागाला अडीच तास लागले, कारण कामगार बारमध्ये जमलेले दिसले तिथे आईने थांबवायला सांगितलं. बाबा नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत काम नसलं तरी पाळी संपेपर्यंत शेडमध्ये बसून राहायचे, मोजायला काही नसलं की जुन्या टॅली शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला माझ्यासाठी पाढ्यांची वही शिवायचे, हे ती मला आज पहिल्यांदा बोलली. ती वही माझ्याकडे होती. पाठीमागचे आकडे कसले ते मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसरा भाग उद्या. डबिंगचं कुणाला कळलं तर अजूनही सांगा, मला बोलून बोलून घसा बसलाय, पण ती थांबू देत नाही.