मांजरासाठी घरचं जेवण : तुमचे अनुभव लिहा

आमचा बोका नुकताच वर्षाचा झाला. त्याला पूर्णपणे घरचं खायला घालायचं मनात आहे. डॉक्टर म्हणाले, "घाला, पण नुसतं उकडलेलं चिकन म्हणजे आहार नव्हे." मग काय, किती आणि कसं? जे करताय ते सविस्तर लिहा.

ठाण्याहून
आजोळी, संगमेश्वरजवळ, माऊला दूध-पोळीच मिळायची आणि ती चांगली धडधाकट होती. पण रात्रभर ती गोठ्यात उंदीर मारायची. अख्खा उंदीर म्हणजे मांस, हाडं, काळीज, रक्त सगळं एकत्र. फ्लॅटमधल्या मांजरीला तो मिळत नाही, म्हणून तो आपणच ताटलीत जुळवायचा. माझं सगळं गणित इथूनच सुरू होतं.

अर्धा किलो बिनहाडाचं लेगपीसचं मांस. त्यात साधारण 25 ग्रॅम कलेजी, कारण गाजर-भोपळ्यातून अ जीवनसत्त्व बनवणं मांजराच्या शरीराला जमत नाही. कलेजी आवडते म्हणून रोज वाटीभर मात्र घालू नये. अ जीवनसत्त्व साठत जातं आणि मानेचे मणके आखडतात. हाडांच्या जागी अंड्याच्या कवचाची पूड, अर्धा चहाचा चमचा. कवचं उकळायची, आतला पापुद्रा काढायचा, तव्यावर कोरडी करून मिक्सरला मैद्यासारखी फिरवायची. बोटांत चोळून कण लागला तर परत फिरवते. आमची मनी ताटली हुंगते, कचकच लागली की पंजाने फरशी खरवडून निघून जाते!

बेळगावहून
ताईंनी कवचाचं लिहिलं ते फार महत्त्वाचं. आमच्याकडे आलेलं पिल्लू आधीच्या घरी फक्त बोनलेस चिकनवर वाढलं होतं. उचललं की कळवळायचं. एक्स-रेमध्ये हाडं धुरकट दिसत होती आणि मागच्या पायाचं हाड साध्या उडीत पिचलेलं. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळपास नाहीच, म्हणून शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढून घेतं. आहार बदलल्यावर ते सावरलं, पण थोडं लंगडतं अजून. पिल्लांना घरचं सुरू करणार असाल तर आधी डॉक्टरांकडून प्रमाण लिहूनच घ्या.

मालवणहून
आमच्याकडे मासेच. बांगडा, मांदेली वाफवून, काटे काढून, बिनमिठाचे. कच्चे देत नाही; काही माशांत ब1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर जातो. रोज मासेही नाहीत, मध्ये मध्ये अंडं आणि चिकन. कालवणातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नका, कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

पुण्याहून
टॉरिनचा (मांस-माशांत असणारं एक अमिनो आम्ल) उल्लेख कुणी केला नाही, म्हणून लिहिते. मांजराला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून दुबळं होतं. 1987 साली कॅलिफोर्नियात डॉ. पॉल पिऑन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की विकतचं खाद्य खाणाऱ्या मांजरांनाही हे होत होतं, आणि टॉरिन दिल्यावर हृदय सुधारत होतं. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यात टॉरिन वाढवलं. घरी शिजवताना ते उकळीच्या पाण्यात उतरतं, म्हणून मी पाणी कमी घेते आणि तो रस्सा ताटलीतच ओतते. चिकनवाल्याकडून दिल आवर्जून घेते, त्यात टॉरिन भरपूर असतं. तरी डॉक्टरांनी सांगितलेली टॉरिनची पूड वेगळी घालतेच, तीही मिश्रण गार झाल्यावर.

नाशिकहून
आमचं घर शाकाहारी. स्वयंपाकघरात मांस शिजणार नाही, पण मांजराला पनीर-भातावर ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. आम्ही चांगलं तयार खाद्य देतो आणि त्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही.

बडोद्याहून
बोका आहे म्हणून एक सांगतो, बोक्यांची लघवी तुंबू शकते. कोरड्या खाद्यावरून घरच्या ओल्या जेवणावर आणलं की पोटात पाणी जास्त जातं, त्याचा फायदा होतो. तरी बोका मातीच्या ट्रेमध्ये बसून कण्हतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि बदल हळूहळू करा, जुन्यात नवं चमचाभर मिसळत. "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते, जाड मांजरांत तर लवकर. तुमच्या बोक्याचं वजन किती आहे? 4 किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी लागतात, त्यावरून वाटणी सांगता येईल.