बाळहिरडा की सुरवारी: त्रिफळ्याला कोणता?

कोथरूडकर: घरी त्रिफळा चूर्ण (हिरडा, बेहडा, आवळा) करायचंय, अर्धा किलो. मंडईजवळ काष्ठौषधीच्या दुकानात 'हिरडा' म्हणून दोन वस्तू समोर आल्या. एक मनुकेएवढा काळा, दुसरा मोठा, पिवळट-तपकिरी. कोणता घ्यायचा आणि किती? यात पोषण म्हणावं असं काय असतं?

रानमेवा: काळा तो बाळहिरडा. बाठा धरायच्या आत उतरवून वाळवलेला. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात उन्हाळ्यात गोळा करतात तो हाच. त्रिफळ्याला तो नको, पक्व फळाची साल लागते. म्हणजे मोठा, सुरवारी.
घेताना अंगावरच्या पाच ठळक धारा बघा. गोल, करडं, मखमली फळ निघालं तर त्यात बेहडा मिसळलाय. बारीक भोकं आणि खाली भुकटी दिसली तर पोरकिडा, म्हणजे फळ पोखरणारी कीड. चार फळं पाण्यात टाका, तरंगतील ती पोकळ.

खलबत्ता: तिन्हींची बी काढून प्रत्येकी 170 ग्रॅम. हिरडा-बेहड्याचा बाठा जड असतो, म्हणून ते दोन्ही अख्खे, प्रत्येकी 300 ग्रॅम तरी आणा. आवळकाठी (वाळवलेला आवळा) बिनबियांची मिळते.
अख्खा हिरडा मिक्सरला लावू नका, पातं जाईल. आधी दगडी खलात ठेचून साल सोडवा, कडक उन्हात वाळवा, मग दळून वस्त्रगाळ करा. लोखंडी खल नकोच. हिरड्यात 30 टक्क्यांच्या आसपास टॅनिन असतं. जरा ओल राहिली की लोखंडाशी मिळून चूर्ण शाईसारखं काळं पडतं. (कातडी कमवायला हिरडा वापरतात तो याच टॅनिनसाठी.)

रानमेवा: पोषणाचं म्हणाल तर 3 ग्रॅम चूर्णातून पोट भरण्यासारखं काही मिळत नाही. क जीवनसत्त्व येतं ते आवळ्याचं, हिरड्याचं काम पोट साफ करण्याचं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर दोन तास अंतर ठेवा, टॅनिन लोह अडवतं. रात्री कोमट पाण्यातून 3 ते 6 ग्रॅम. गरोदरपणी नको.

कोथरूडकर: मग बाळहिरडा कशाला?

खलबत्ता: तोही पोट साफ व्हायलाच, पण वेगळा. एरंडेलावर मंद आचेवर परतायचा. टम्म फुगला की लगेच उतरवून कुटायचा. फुगल्यावर अर्धं मिनिट जास्त राहिला की करपतो, मग ते चूर्ण टाकूनच द्या. आणि दोन्ही चूर्णं काचेच्या बरणीत, ओला चमचा न घालता. श्रावणात गाठी धरतातच.