मशीन कपाटात पडून असेल, तर ऑपरेशन का नको?

जागरण: स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत माझा श्वास तासाला ३८ वेळा अडतो किंवा मंदावतो. हाच एएचआय. ३० पासून आजार तीव्र धरतात. सीपॅप, म्हणजे घसा उघडा राहावा म्हणून दाबाने हवा देणारं मशीन, मिळालंय; पण त्याचा मास्क तासाभरात झोपेतच ओढून काढतो, दोन वर्षं हेच चाललंय. डॉक्टरांचं एकच, ‘आधी मशीनच’. वापरलं न जाणारं मशीन हा उपचारच नव्हे. अशा रुग्णापुढे ऑपरेशनचा पर्याय लवकर ठेवायला हवा.

पडजीभ: अजिबात पटलं नाही. माझी यूपीपीपी झालीय: टॉन्सिल, पडजीभ, मऊ टाळूची कड, सगळं कापलं. दोन आठवडे थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. घोरणं थांबलं म्हणून घरचे खूश. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तर एएचआय ४१ चा २४. बऱ्याच अभ्यासांत ‘यशस्वी’ म्हणजे आकडा निम्म्यावर आणि २० च्या खाली. माझा त्यातही बसला नाही. आणि १९ आला असता, तरी तो मध्यम आजारच ना? याला यश म्हणायचं?

जागरण: घसा नेमका कुठे मिटतो, हे आधी पाहिलं होतं का?

पडजीभ: नाही.

दुर्बीण: मग खरी चूक तिथे झाली. मी कान-नाक-घसा विभागात काम करते. औषधाने झोप आणून दुर्बिणीने बघता येतं की टाळू कोसळतो, जीभ मागे पडते की दोन्ही. टॉन्सिल मोठे असतील तर यूपीपीपीचा चांगला उपयोग होतो. जीभ मागे पडत असेल तर नुसता टाळू कापून भागत नाही. तिथे दोन्ही जबडे पुढे सरकवतात. परिणाम मोठा असतो, पण चेहरा बदलतो आणि खालचा ओठ बधिर राहू शकतो. दुसरा मार्ग जिभेच्या नसेला चेतना देणाऱ्या यंत्राचा. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. त्या वेळच्या १२६ जणांच्या अभ्यासात वर्षभरात मध्यक एएचआय २९ वरून ९ वर आला. मात्र टाळू चहूबाजूंनी आवळत असेल, तर सहसा ते बसवत नाहीत.

पडजीभ: हे मला कुणी सांगितलं असतं तर! तरीही जागरण, आधी मास्कचा प्रकार बदलून बघा. कापलेला टाळू परत येत नाही.

दुर्बीण: नाक चोंदतं का? नाकाच्या ऑपरेशनने एएचआय फारसा उतरत नाही, पण मशीन सहन होऊ लागतं.

जागरण: पडदा वाकडा आहे, डावी नाकपुडी कायम बंद. मशीन देताना नाक कुणी तपासलंच नव्हतं. आधी ते दाखवतो. पण टाळूचा विचार मी सोडलेला नाही.