एकाआड एक नाही. पहिला, तिसरा आणि पाचवा

आई-वडील वेगळे झाल्यावर टेक्ससमध्ये मूल ज्याच्याकडे राहत नाही त्या पालकाला 'एकाआड एक वीकेंड' मिळतो, असं म्हणतात. अगदी तसं नाही. तिथल्या स्टँडर्ड ऑर्डरमध्ये (मूल कधी कोणाकडे, याचा कायद्यातला ठरलेला साचा) महिन्याचा पहिला, तिसरा आणि पाचवा वीकेंड असतो, आणि मोजायचं शुक्रवारावरून. महिना शनिवारी सुरू झाला तर ती १-२ तारीख 'पहिला वीकेंड' ठरत नाही. आणि पाच शुक्रवारांच्या महिन्यानंतर सलग दोन वीकेंड एकाच पालकाकडे येतात. भांडणं नेमकी इथेच होतात. वर्षाचं कॅलेंडर जानेवारीतच रंगवून दोघांनी एकमेकांना ईमेल करावं, हे उत्तम.

शिवाय शाळा चालू असताना गुरुवारची संध्याकाळ, आणि उन्हाळ्यात ३० दिवस. घरं १०० मैलांपेक्षा लांब असतील तर उन्हाळ्याचे ४२ होतात. २०२१च्या सप्टेंबरपासून ५० मैलांच्या आत राहणाऱ्यांना सहसा वाढीव वेळ मिळतो, म्हणजे शाळा सुटल्यावर थेट तिथूनच मुलाला न्यायचं. तीन वर्षांखालच्या मुलांना हा साचा लागू नाही, तिथे कोर्ट वेगळं ठरवतं.

थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमस सम-विषम वर्षांप्रमाणे आलटून पालटून. दिवाळी, गणपती मात्र त्या साच्यात नाहीत (असणार तरी कसे!). ते हवे असतील तर सेटलमेंटच्या (दोघांमधल्या तडजोडीच्या) वेळीच लिहून घ्या, आणि तारीख पंचांगाची की मंडळाच्या कार्यक्रमाची, हेही स्पष्ट करा. आपलं मराठी मंडळ गणपती सोयीच्या शनिवारी करतं, हे जज्जना कुठून माहीत?